नांदेडच्या होकारापर्यंत

रविवारी सकाळी नांदेडहून लातूरची एसटी धरली. आमच्या बँकेची दोन मेनफ्रेम यंत्रं, म्हणजे मोठे संगणक, आहेत, एक नांदेडला, एक लातूरला, एकमेकांना जोडलेली. कोणतं काम कुणाच्या हाती आहे, ते दोन्ही यंत्रं एकाच सामायिक फाईलमध्ये पाहतात. ती फाईल लातूरच्या ज्या डिस्कवर होती, ती डिस्क खराब होत चालली होती. यंत्रं चालू असतानाच फाईल नव्या डिस्कवर न्यायची होती.

लोह्यापुढे सोयाबीन निघालेली काळी रानं लागली. अहमदपूरला सुसला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता) खाल्ला. चाकूरजवळ गाडी पंक्चर झाली आणि बराच उशीर झाला.

लातूरला वीरभद्रप्पा वाट पाहत होते. ही जोडणी त्यांनीच उभी केलेली. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. उदगीरहून त्यांच्या भावाचा फोन येऊन गेला होता. अव्वा (आई) शेवटच्या घटका मोजत होती. तुम्ही निघा, मी करते, असं मी म्हणाले. पण डिस्क मध्येच गेली तर दोन्ही यंत्रं बंद पडतील, एकटीला सावरायचं नाही, म्हणून ते थांबले.

फाईल हलवायचा हुकूम मी दिला. दोन्ही यंत्रांचा होकार आल्याशिवाय ती हलत नाही. लातूरच्या यंत्राचा होकार लगेच आला, नांदेडचा येईना. तिथं यंत्रावर आमची शबाना होती. फोनवर तिनं सांगितलं की पेन्शनचं काम अर्ध्यावर आहे, ते संपेपर्यंत तिचं यंत्र फाईल सोडणार नाही. नांदेडला तोडून पुढं जाता आलं असतं, पण मग सोमवारी म्हातारी माणसं बँकेच्या दारातून रिकाम्या हातानं परतली असती.

मी अप्पांकडे पाहिलं.

"तिला घाई करू नका," ते म्हणाले. "नांदेडचा होकार येऊ द्या."

आईचं त्यांनी तिला कळू दिलं नाही. त्यांचा फोन दोनदा वाजला, त्यांनी उचलला नाही.

अखेर होकार आला. दोन्ही यंत्रं नव्या डिस्कवर लिहू लागली. अप्पांनी त्यांच्या गाडीची किल्ली माझ्याकडे दिली, उदगीरपर्यंत मीच चालवली.

उदगीरला घरापुढं माणसं जमली होती. अव्वाला भिंतीशी टेकवून बसवलं होतं, कपाळभर विभूती.

"आत्ताच गेली," भाऊ म्हणाला. "तुझंच नाव घेऊन राहिली होती."

अप्पा तिच्या पायांशी बसले. मी दारातच थांबले.

दुसऱ्या दिवशी माती झाल्यावर मी एकटीच जळकोटमार्गे एसटीनं परत निघाले. वाटेत शबानाचा फोन आला. अप्पा आजारी आईकडे गेलेत, एवढंच तिला ऑफिसात कळलं होतं.

"ताई, पेन्शन सगळ्यांची जमा झाली. अप्पा वेळेवर पोचले नव्हं?"

"हाव," मी म्हणाले. "पोचलो."

आज ना उद्या तिला कळेलच. पण थांबायचं ठरवलं होतं अप्पांनी. त्यापायी अव्वाची भेट हुकली, हे तिला सांगायचं की नाही, तेही त्यांनीच ठरवावं. नांदेड येईपर्यंत मी फोन हातातच धरून बसले होते.