मामाचा आहेर

नातीनं शहरातल्या प्रदर्शनातून घोंगडं आणलंय. भिंतीवर टांगलंय, कुणाला हात लावू देत नाही. लोकरीचा तोच उग्र वास घरभर पसरलाय.

लढाईच्या दिवसांत माझं लग्न झालं. कापडावर कंट्रोल होता. मांडवात आहेर पुकारणारा ओरडला, "मामाचं घोंगडं एक." माणसं हसली. माणदेशातून चालत आलेला मामा हळूच म्हणाला, "लुगडं कुठं घावलं न्हाई, म्हून सोता इणलं."

पलटणीतून रजेवर आलेल्या माझ्या वडिलांनी ते मांडवाच्या दारात टाकलं. म्हणाले, "पाय पुसायला बरं हाय."

सासरी निघताना मी मामाच्या पाया पडले आणि त्याच घोंगड्यावर पाय देऊन बाहेर पडले. बाजूनं जाता आलं असतं.