छताचा खांदा

आमचे हे रंगारी. त्यातही छतं रंगवणारे. भिंती काय, कुणीही रंगवेल हो. पण मान मागे टाकून दिवसभर डोक्यावर रोलर फिरवायचा म्हणजे खायचं काम नाही. या धंद्यात प्रत्येकाचा खांदा कधी ना कधी धरतोच. त्याला ही मंडळी म्हणतात ‘छताचा खांदा’. आणि मेल्यांना त्याचा केवढा अभिमान! ज्याला तो झाला, तोच पक्का कारागीर.

ह्यांचा डावा खांदा दुखायला लागला, तेव्हा कामावरच्या जोडीदाराने चहा पाजला. “झालात एकदाचे मोठे!” म्हणे. मी आपली मलम चोळतेय, शेक देतेय. दुखणं करंगळीपर्यंत उतरलं, तरी ह्यांचं एकच पालुपद: छताचा खांदा आहे, जाईल. डॉक्टरांकडे चला म्हणून मी भांडले, अबोला धरला. ऐकतील तर शपथ!

मग डाव्या डोळ्याची पापणी खाली यायला लागली. कामावर सगळे चेष्टा करायचे, “या वयात कुणाला डोळा मारताय?” हे घरी येऊन मलाच ते सांगायचे आणि हसायचे.

एक दिवस डाव्या हातातून रंगाचा डबा निसटला, लोकांची नवी फरशी माखली, तेव्हा कुठे दवाखान्यात आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हात वर करा.” सरळ वर गेला. मागे गेला, बाजूला गेला.

“सांधा आखडला असता, आत काही फाटलं असतं, तर इतक्या सहज गेला नसता,” त्या म्हणाल्या. मानेचं विचारलं, धाप लागते का विचारलं. हृदयाचं नाहीतर पित्ताशयाचं दुखणंसुद्धा कधी कधी खांद्यात येतं म्हणे. मग म्हणाल्या, “रोलर कोणत्या हाताने मारता?”

“उजव्या.”

“आणि दुखतो डावा?”

ह्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं. इतके रंगारी, आणि एकाच्याही डोक्यात हे येऊ नये? शब्द तोंडात तयार होता ना, मग विचार कोण करतो!

फोटो काढले, सुईने तुकडा काढून तपासला. फुफ्फुसाच्या अगदी शेंड्याला गाठ निघाली, कॅन्सरची. हाताच्या नसा दाबून ती मणक्यात शिरली होती; पापणीही तिच्यामुळेच पडत होती. कापून काढता येणार नाही, औषधांनी थोडे दिवस मिळतील. किती, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ह्यांनी एवढंच विचारलं, “म्हणजे खांदा चांगला आहे?”

“खांदा चांगला आहे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मान खाली घातली.

बाहेर येताच ह्यांनी जोडीदाराला फोन लावला. “अरे, खांद्याला काही नाही! सोमवारी हॉलचं छत घेऊ.” मी फोन ओढून घेतला.

“भाऊजी, दुसरा माणूस बघा. हे नाही येणार आता.”

“का हो वहिनी? खांदा बरा आहे म्हणाले ना?”

हे भिंतीकडे तोंड करून रडत होते.

“हो,” मी म्हटलं, “खांदा बरा आहे.”