सईने दाखवलेलं प्रेस

मंडळी, आज रीलोडिंग प्रेस घरी आलं आणि मी गॅरेजमध्ये नुसता बसून आहे.

झाडलेल्या काडतुसांत पुन्हा दारू आणि गोळी भरायचं हे मशीन. माझी लेक सई इथे अमेरिकेत हायस्कूलच्या नेमबाजी टीममध्ये होती. दोन वर्षांपूर्वी तिने दुकानात सगळ्यात साधं मशीन दाखवलं. "बाबा, धिस वन. वी कॅन डू इट टुगेदर."

मी म्हटलं, थांब, आधी रिसर्च करतो. एक्सेल केलं, रिव्ह्यू वाचले, फोरमवर अनोळखी लोकांशी वाद घातले. शेवटी मागवलं तेच, तिने दाखवलेलं.

दुपारी तिला कॉलेजमध्ये फोटो पाठवला. उत्तर आलं, "नाइस, बाबा. बट आय डोन्ट शूट एनीमोर."

तुमच्या घरात सध्या कोण "थांब, बघतो" ऐकून थांबलंय?