दहाव्या चौकटीतले पैलवान

मी आयुष्यात एकच कुस्ती खेळलो आणि ती नऊ सेकंद चालली. (आमची सुनंदा म्हणते, सात. पण बायकोनं आपल्या बाजूनं मोजावं अशी अपेक्षा करणारा मी कोण!)

माझं उमरग्यात चष्म्याचं दुकान आहे. वजन ब्याण्णव किलो, तेही सगळं खुर्चीत बसून कमावलेलं. अशा माणसाचा आखाड्याशी काय संबंध? पण आला, आणि तो आला तालमीच्या भिंतीमुळं.

आमचं गाव मुरुमजवळ. गावातली जुनी तालीम पाडून नवी बांधली, पत्र्याच्या जागी स्लॅब आला, आणि आतल्या मोठ्या भिंतीवर गावच्या थोर पैलवानांचे फोटो लावायचं ठरलं. सुतारानं दोन खिडक्यांमधली जागा मोजली. बसत होत्या दहा चौकटी! कुणीतरी म्हणालं, एक खिडकी बुजवा, मग चौदा बसतील. आमचे वस्ताद, म्हणजे तालमीत कुस्ती शिकवणारे आणि तालमीबाहेर सगळ्या गावाला धाकात ठेवणारे, शांतपणे म्हणाले, "आत चाळीस गडी घाम गाळत्यात. खिडकी बुजवली तर सगळ्यांचेच फोटो लावावं लागतील. हार घालून."

दहावर शिक्कामोर्तब झालं. आता ते दहा कोण, यावर वाद सुरू झाला आणि गावातली बाकीची सगळी भांडणं तात्पुरती बंद पडली!

दर रविवारी सकाळी तालमीत बैठक. मधोमध तांबड्या मातीचा हौद, आणि चारी कडांना मांडी घालून बसलेलं गाव. अक्षर बरं म्हणून वही माझ्याकडं. मी आपला नावं लिहायचो, खोडायचो, परत लिहायचो. पण खरं सांगतो, ते ऐकताना अंगावर काटा यायचा. आमच्या गावात काय एकेक माणूस होऊन गेला! एक पैलवान बाजारातून चालले की बैल आपणहून कडेला व्हायचे. एकानं चिखलात रुतलेली भरली गाडी पाठीवर उचलली होती, आणि गाडीवान तोवर वर झोपलेलाच होता. एकांचे कान कुस्तीनं असे मोडले होते म्हणे, की म्हातारपणी चष्म्याची दांडी कानावर टिकेना. दोरीनं बांधायचे. (हे ऐकून माझ्यातला दुकानदार हळहळला. अशा कानांना चष्मा बसवून दाखवला असता तर माझाच फोटो लागला असता!)

पण नऊ नावं होईस्तोवर दमछाक झाली. एकजण उठून म्हणाला, "आमचे चुलते सगळ्या कुस्त्या हरले, पण लई मोठमोठ्या पैलवानांकडून हरले. त्याचा विचार व्हावा." दुसऱ्यानं गावातली एक जुनी म्हैस सुचवली. का, तर सहा पैलवान तिच्याच दुधावर पोसले! यावर अर्धा तास गंभीर चर्चा झाली, आणि म्हैस दोनच मतांनी पडली. तालमीतल्या तरण्या गड्यांनी टीव्हीवरच्या परदेशी पैलवानाचं नाव पुढं केलं. वस्ताद म्हणाले, "ते खुर्चीनं हाणत्यात. खुर्चीनं हाणायचं असंल तर लग्नाच्या मांडवात जा."

शेवटी वस्तादांनी नियम घातला. ज्याची कुस्ती निकाली, म्हणजे ज्यानं समोरच्याची पाठ मातीला लावली, त्यालाच भिंत. बरोबरीत सुटलेल्याला भिंत नाही. नऊ नावं त्यात बसली. दहाव्या चौकटीपाशी मात्र गाडी अडली, आणि अडली ती आमच्याच दारात.

दहाव्या जागेला दोन नावं होती. एक बापू. चौऱ्याहत्तर वर्षांचे, पण अजून दार उघडलं की आधी खांदे आत येतात आणि मग बापू. यांनी पाडलेल्या पैलवानांची गिनती नव्हती. मग अडचण काय? तर बापू वाढले परांड्याकडं, मामाच्या गावात. लग्नानंतर सासऱ्याची जमीन करायला आमच्याकडं आले. म्हणजे गावचे जावई!

"जावयाला मान द्यायचा तर जेवायला बोलवा," एकजण म्हणाला. "भिंतीवर कशाला?"

"पन्नास वर्षं झाली की रं येऊन! अजून जावईच व्हय?"

"जावई मरस्तोवर जावई असतोय."

आणि दुसरं नाव आमच्या अण्णांचं. अण्णा म्हणजे माझे वडील गणपतराव, वय शहात्तर. अण्णांच्या नावावर गाजलेली कुस्ती एकच. तरणेपणी ते सोनारीच्या काळभैरवाच्या यात्रेला गेले होते, आणि तिथल्या फडात त्यांनी एका नावाजलेल्या पैलवानाला ढाक मारून चितपट केलं होतं. ढाक म्हणजे समोरच्याचा हात नि मान कवेत घ्यायची, आपली कंबर त्याच्या पोटाखाली सारायची आणि त्याला आपल्या अंगावरून पलीकडं टाकायचा. तर तो पैलवान कोण होता? तर हेच बापू!

झालं! वस्ताद म्हणाले, "गनपतरावांनी बापूंना पाडलं असंल तर चौकट गनपतरावांची. पाडलं नसंल तर बापूंची, जावई का असंनात. बापू, तुमीच सांगा."

सगळं गाव बापूंकडं बघायला लागलं. बापूंनी मिशी चाचपली. छताकडं बघितलं.

"त्या दिवशी धूळ लई हुती," बापू म्हणाले.

"म्हंजे पडला का न्हाय?"

"लईच धूळ हुती."

दुसऱ्या रविवारीही धूळच होती. तिसऱ्याही. अण्णा एका शब्दानं बोलले नाहीत. घरी मात्र माणूस बदलला होता. रोज दाढी करायचे, फेटा दोनदा बांधायचे, आणि चक्कर मारायला म्हणून निघून थेट तालमीत जाऊन त्या रिकाम्या दहाव्या चौकटीसमोर उभे राहायचे. आई गेल्यापासून या माणसानं जेवणात मीठ कमी पडलं तरी मागितलं नव्हतं. आता त्याला एक गोष्ट हवी होती आणि ती मागता येत नव्हती. मला ते बघवेना. चौथ्या रविवारी मी वही बाजूला ठेवली आणि बोलायला उभा राहिलो.

इथं चुकलं माझं! मी लिहिणारा माणूस, लिहीत बसायला पाहिजे होतं.

"मंडळी," मी म्हणालो, "आमचे अण्णा खोटं बोलत नाहीत! ती ढाक अजून त्यांच्या रक्तात आहे! त्यांनी ती मला लहानपणीच शिकवलीय!"

(अण्णांनी मला लहानपणी कडबा बांधायला शिकवलं होतं. तोही सुटायचा!)

टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की माझं डोकं जाग्यावर राहत नाही. मी खाली वाकून हौदातली मूठभर माती उचलली. "या मातीची शपथ घेऊन सांगतो..." आणि तेवढ्यात हाताला गार लागलं. तालमीच्या मातीत ताक, तेल, हळद काय काय घालून मळलेलं असतं. नव्या तालमीची माती तर कालच मळलेली. हाताला चिकटली ती सुटेना. मी हात झटकला.

माती उडाली, आणि बापूंच्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर जाऊन पडली!

अख्ख्या तालमीच्या माना माझ्याकडं वळल्या. माझ्या चटकन ध्यानात आलं नाही. वस्तादांचा चेहरा बघितला आणि मग रीत आठवली. आमच्या तालमीत एखाद्याच्या अंगावर माती टाकायची म्हणजे त्याला कुस्ती मागायची. आणि माती पडलेल्यानं उठायचं, नाहीतर कायमचं खाली बघायचं. ही रीत गावातल्या शेंबड्या पोराला ठाऊक होती. मलाही होती! फक्त ती मला लागू होईल असं कधी वाटलं नव्हतं.

"बापू, चुकून पडली हो!" मी ओरडलो. "झटका की!"

बापूंनी धोतराकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग हळूच उठले आणि अंगरखा काढायला लागले.

"वस्ताद, तुम्ही तरी सांगा! त्यांचं वय काय, माझं काय!"

"खरंय तुझं," वस्ताद म्हणाले. "तू लईच कच्चा हाईस. पण माती तू टाकलीस."

प्यांट घालून मातीत उतरता येत नाही. कुणाचा तरी लंगोट आणला. तो ज्याचा होता त्याला पोट नव्हतं. दोन पैलवान दोन्ही टोकं धरून रेटायला लागले आणि मी श्वास आत घेऊन उभा. खिडकीतून ओळखीचा आवाज आला, "अहो, जेवण झालंय ना आत्ताच! पोटावर नका घेऊ कुणाला!" शेजारच्या गिरणीत दळण टाकून सुनंदा खिडकीला येऊन उभी होती. हातात मोबाईल!

मी अण्णांकडं बघितलं. वाटलं, ते तरी म्हणतील, सोडा रे माझ्या पोराला. अण्णा पुढं आले, माझा चष्मा काढून आपल्या खिशात ठेवला आणि कानात म्हणाले, "मान सांभाळ." बस्स! बापाचा एवढाच उपदेश, आणि तोही सेहेचाळीस वर्षं उशिरा.

चष्मा गेला तशी समोरची मंडळी धुरकट झाली. त्या धुरकटात एक मोठी सावली हलत होती. सावलीनं मांडीवर थाप मारली. शड्डूचा असा आवाज घुमला की गिरणीवाल्यानं गिरणी बंद केली! मीही शड्डू ठोकला. तो पाठीत धपाटा घातल्यासारखा वाजला आणि दुखलाही मलाच.

पुढचं मला सांगता येईल तेवढं सांगतो. बापूंचा हात माझ्या मानेवर आला. जोर असा नव्हताच हो त्यात! दार लोटावं तसा नुसता हात. मी पुढं ढकललं, म्हणून ते मागं सरले. मी आणखी ढकललं, आणि अचानक माझ्या पोटाखाली त्यांची कंबर आली. माझं ब्याण्णव किलो वजन जमिनीवरून उठलं. मी उडालो! देवाशपथ उडालो! वर स्लॅब फिरला, खिडकी फिरली, माझेच पाय मला माझ्या वर दिसले, आणि मग गार, मऊ, हळदीच्या वासाची माती पाठीला लागली. आणि माझी मान? माझी मान बापूंनी आपल्या तळहातावर झेलून धरली होती. मान इकडची तिकडं झाली नाही! चौऱ्याहत्तराव्या वर्षी! मी उताण्याचा उताणाच त्यांच्याकडं बघत राहिलो. घाबरायचं, लाजायचं राहूनच गेलं. एवढं सुंदर काम मी जन्मात कुणाला करताना बघितलं नव्हतं. फक्त ते माझ्यावर झालं होतं एवढंच!

गावानं आरोळी ठोकली. माझ्या मनात मात्र एकच आलं, संपलं. अण्णांची चौकट मी घालवली.

पण बापू हात वर करून नाचले नाहीत. मला उठवून बसवलं. अण्णांनी माझा चष्मा मला परत दिला, आणि बापू मातीनं भरलेले तसेच त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"गनपा, वळखलीस का?"

अण्णांचे डोळे भरले होते. "कंबर जरा वर घेतलीस," ते म्हणाले. "म्या खाली घातली हुती."

"व्हय. तवा तू बारीक हुतास."

मग बापू गावाकडं वळले. "ह्याच ढाकंनं ह्यानं मला सोनारीला आस्मान दावलं. धूळबीळ काय नव्हती. पाऊस पडून गेला हुता आदल्या दिवशी. घरी जाऊन म्या तीन सुग्या ही एकच ढाक घोटली. पुढं जेवढं पाडले ते हिच्यावरच पाडले. पर कुणाची ढाक म्हणून सांगायला जीभ उचलत न्हवती. आज अंगावर माती पडली आन् अंगानं आपसूक तीच काढली. आता खोटं कसं बोलू?"

वस्तादांनी डोळे पुसले (घाम म्हणाले) आणि जाहीर केलं, "दहावी चौकट गनपतरावांची!"

"न्हाय," अण्णा म्हणाले. त्या चौकटीविषयी महिनाभरात त्यांनी उच्चारलेला हा पहिला शब्द. "ढाक माझी, पर कुस्त्या त्यानं मारल्या. म्या एकदा पाडलं आन् शेताला गेलो. दोघांचा लावा, न्हायतर कुणाचाच नको."

"एका चौकटीत दोघं? आन् दोघांचा मिळून फोटो कुठनं आणायचा?"

अडचण खरी होती. अण्णांचा असा फोटो एकच, आधार कार्डावरचा, आणि त्यात ते कोंबडी चोरताना सापडल्यासारखे दिसतात. तेवढ्यात खिडकीतून मोबाईल आत आला.

"हा चालेल का बघा," सुनंदा म्हणाली.

वस्तादांनी बघितला आणि त्यांच्या तोंडून "वा!" निघाला. फोटो असा की काय सांगू! डावीकडं बापू, कंबरेत वाकलेले, दंडाची शीर न् शीर मोजून घ्यावी. उजवीकडं हौदाच्या कडेला अण्णा, फेटा सुटलेला, दोन्ही हात वर, तोंड उघडं, वीस वर्षांच्या पोरासारखे. एकाच क्षणी दोन्ही पैलवान!

तोच फोटो मोठा करून दहाव्या चौकटीत लागला. खाली ठळक अक्षरात दोघांची नावं. अण्णा आता रोज सकाळी बापूंना घेऊन तो बघायला जातात, आणि कंबर वर हवी का खाली यावर दोघं रोज भांडतात.

फोटोत मध्यभागी हवेत दोन पाय आहेत. ते कुणाचे, हे खाली लिहिलेलं नाही. मी वस्तादांकडं विषय काढून बघितला. ते म्हणाले, "नियम म्हंजे नियम. निकाली कुस्ती मारलेल्याचंच नाव."

पण सुनंदा पाहुण्यांना अंधारात ठेवत नाही. घरी कुणी आलं की चहा झाल्यावर त्यांना तालमीच्या खिडकीशी घेऊन जाते आणि बोट दाखवून सांगते, "हे आमचे मामंजी, हे बापू, आणि मधले पाय आमच्या ह्यांचे. डाव्या टाचेची भेग बघितली का? दहा वर्षं झाली, मलम लावा म्हणून सांगते."

लावतो आता. सकाळ-संध्याकाळ लावतो. एवढ्या थोर भिंतीवर असलेल्या माणसाला टाचा जपाव्या लागतात!