पुतळ्याचं नाक

आमच्या नाटक कंपनीत तो चेहरे रंगवायचा. पावडरचा पफ कायम खिशात, म्हणून सगळे त्याला पफदादा म्हणत. माझ्या या थोराड चेहऱ्यातून त्याने राजे काढले, भिकारी काढले, एकदा तर सासूसुद्धा काढली! कंपनी बंद पडल्यावर पालिकेने त्याला पुतळे धुण्याचं काम दिलं.

"आता नट बरे मिळालेत," तो मला म्हणायचा. "तुमच्यासारखी चुळबूळ नाही."

चौकात एका लेखकाचा पुतळा आणि शेजारी लढाईत गेलेल्या सैनिकांची शिळा. शिळेवरची बारा नावं धुताना तो एकेक मोठ्याने घ्यायचा. तिसऱ्या घंटेआधी आम्हाला अशाच हाका मारायचा, कुणी मागे राहू नये म्हणून.

लेखकाची जन्मशताब्दी आली. त्यांची मुलगी फुलं ठेवायला येणार होती. आदल्या दिवशी पफदादाने पेपरात लेखकाचा फोटो पाहिला आणि पुतळ्याचं फुगीर नाक त्याला खटकलं. जित्याची खोड ती, जाते कुठे! शिडीवर चढला, जुनी रंगपेटी उघडली आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनी गडद रंग ओढला. नाक कसं सरळ झालं. आमची नाकंही तो अशीच घडवायचा.

सकाळी मी पोचलो तेव्हा पालिकेचे साहेब भडकले होते. "पुतळा आहे की सोंग? बाई यायच्या आत पुसा, नाहीतर उद्यापासून घरी बसा!"

पफदादा बादलीकडे धावला, तोच बाईंची गाडी येऊन थांबली. त्याने माझा दंड घट्ट धरला. "गेली नोकरी."

बाई पुतळ्याकडे बघतच राहिल्या. "नाकाला काय केलंय?"

"चूक माझी, ताई. मेकअपमन होतो. राहवलं नाही."

"तीस वर्षं मी एका परक्या माणसापुढे फुलं ठेवतेय," बाई म्हणाल्या. "आज बाबा दिसले."

साहेबांनी क्षणात भूमिका बदलली. "आम्हीच सांगितलं यांना, जरा हात फिरवा म्हणून!" एवढी सफाई मला चाळीस वर्षांत जमली नाही.

बाई हसल्या. "यांना कामावर ठेवा म्हणजे झालं. आणि पुसायचंच असेल तर मी गेल्यावर पुसा."

संध्याकाळी पफदादा ओलं फडकं घेऊन शिडीवर चढला. "चला मालक, प्रयोग छान झाला. आता तोंड धुवा."

मलाही तो रोज असंच म्हणायचा. फक्त 'छान' कधी म्हणाल्याचं आठवत नाही.