पेडलवर माझा पाय

वडिलांना अग्नी चुलतभावाने दिला. मी त्यांची एकुलती एक. पण मुलीने अग्नी देणे बरे दिसत नाही, असे बाकीच्यांनी ठरवून टाकले. त्याने डोके भादरून घेतले आणि त्या एका हजामतीच्या जोरावर वडिलांचे जे जे होते ते आपले समजू लागला. तेरावे उरकताच त्याने त्यांच्या गाडीला गिऱ्हाईक ठरवले. गाडी मला हवी होती. पण मला कुणी विचारले नाही, आणि त्या दिवसांत तोंड उघडण्याचेही बळ माझ्यात नव्हते.

गिऱ्हाईक कट्टा गावाहून आले. गाडी वडिलांच्या आजारपणात तशीच उभी राहिली होती. क्लचच्या नळीत हवा शिरल्यामुळे पेडल दाबले की तळाला टेके आणि गिअर पडत नसे. चुलतभावाने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, तोही अर्धाच, आणि पाना घेऊन गाडीखाली शिरला. पेडल दाबायला मला बसवले.

"तू नुसतो पाय चालव. बाकीचा तुका कळाचा नाय."

वडील हे काम करत तेव्हा पेडलवर मीच असे, मांडीवर पुस्तक घेऊन. मी पेडल दाबून धरले की ते खालचे निपल, म्हणजे हवा काढायची बारीक तोटी, सैल करत. तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर पडत. मग निपल घट्ट आवळून ते हळूच म्हणत, "सोड." आवळण्याआधी पाय उचलला तर बाहेरची हवा पुन्हा आत ओढली जाते. यात एवढेच समजून घ्यायचे असते.

चुलतभाऊ निपल उघडे ठेवूनच "सोड" म्हणे. मी सोडत होते. गाडीखालून त्याचे पाय आणि उपदेश तेवढे बाहेर येत होते. दोष त्याने आधी तेलाला दिला, मग माझ्या पायाला, आणि शेवटी म्हणाला, काकांनीच गाडीची वाट लावली. तोवर मला थोडे वाईट वाटत होते. त्यानंतर वाटेनासे झाले.

गिऱ्हाइकाने चहा घेतला, पेडल एकदा दाबून पाहिले आणि असली गाडी नको म्हणून ते निघून गेले. चुलतभाऊ जेवून घोरू लागला. कष्ट झाले होते.

मी गाडीखाली शिरले. त्याची बायको, माझी वहिनी, हात पुसत आली आणि न सांगता पेडलवर बसली. मी सांगेपर्यंत तिने पाय हलवला नाही. बुडबुडे थांबले, नुसते तेल येऊ लागले. तेव्हा तिने विचारले, "तुका ठावक होता, तरी गप रवलंस?"

मी हो म्हटले.

"मी तर लगीन झाल्यापासून गपच आसंय," ती म्हणाली.

मी क्लचच्या तेलाची डबी भरली, वहिनी शेजारच्या सीटवर सरकली आणि मी गाडी सुरू केली. आवाजाने चुलतभाऊ डोळे चोळत अंगणात आला. गाडी दुरुस्त होणार हे अर्थातच त्याने आधीच ओळखले होते. बरीचशी हवा मगाशी त्यानेच काढली होती, असे त्याचे म्हणणे पडले. आता गिऱ्हाइकाला फोन करतो म्हणाला.

"गाडी विकूची नाय," मी म्हटले आणि गिअर टाकला.

त्याने वहिनीकडे पाहिले. ती काच वर करत होती.