महाराजांची अट

तात्या गेल्याचा निरोप मला शेळगावच्या एसटी थांब्यावर मिळाला, आणि रडू यायच्या आधी राग आला. भांडण अर्ध्यात टाकून जायचं काय काम होतं या माणसाला? दोन महिने झाले, राग काही उतरत नाही.

आम्ही एकाच शाळेत शिकवलं. तो इतिहास, मी गणित. तात्या मेंढपाळाचा. दिवाळी झाली की बिऱ्हाड मेंढरांमागं कोकणात निघायचं आणि पोराची शाळा सुटायची. इंदापुरातल्या वसतिगृहाला जागा देताना एका छोट्या संस्थानच्या शेवटच्या महाराजांनी एकच अट घातली होती : मेंढपाळाचं पोर कुठल्याही महिन्यात आलं तरी परत पाठवायचं नाही. त्या अटीवर तात्या मार्गशीर्षात आत आला आणि पुढं मास्तर झाला.

गेल्या वर्षी नव्या संचालकांनी वसतिगृहाला असलेलं महाराजांचं नाव काढून टाकायचं घाटलं. सेक्रेटरींच्या भाच्यानं बारामतीच्या इंटरनेटच्या दुकानातून, कुणाविषयीचं पान किती जणांनी बघितलं त्याचे आकडे छापून आणले. परदेशातल्या एका राणीचं पान लाखोंनी बघितलेलं, आमच्या महाराजांचं बोटांवर मोजण्याइतक्यांनी. "सर, यांना आता विचारतंय कोण?"

तात्या ताडकन उठला. "तुझ्या त्या डब्याला इचार की, मार्गशीर्षात आमची मेंढरं कुठं असत्यात ते! राजा मोठा का न्हाय, हे बघणारी डोकी मोजून ठरवतुयास व्हय रं?"

एवढं बोलून या शहाण्यानं काय करावं? दर बाजाराला बारामतीला जायचं, महाराजांचं तेच पान उघडायचं, मिटायचं, पुन्हा उघडायचं. मग मला फोन. "आज लई माणसं आली बग महाराजांकडं."

"माणसं कसली, तू एकटाच आलास!" मी खेकसलो.

"मग? मी माणूस न्हाय व्हय?"

कपाळावर हात मारून मी फोन ठेवला.

सभेत हे कुणीतरी फोडलं. सगळे खो-खो हसले आणि हसता हसताच ठराव मंजूर केला. नाव गेलं, अटही गेली. शोकसभेला हेच लोक हार घेऊन पुढं. 'चालताबोलता इतिहास' म्हणे! जिवंतपणी दात काढलेत, आता गळे कशाला काढता? मी उठून आलो.

परवा एक मेंढपाळ पोराला घेऊन दारात आला. तात्याच्या घराला कुलूप बघून माझ्याकडं वळला होता. "बिऱ्हाड उद्या हालतंय, मास्तर. तात्या म्हनलं हुतं, पोराला घिऊन या."

मी दोघांना वसतिगृहात नेलं. नवा रेक्टर म्हणाला, "प्रवेश जूनमध्ये."

"महाराजांची अट आहे."

"कुठले महाराज?"

तात्याची एक खोड होती. कुणी नाही म्हटलं की होय म्हणेपर्यंत त्याच्या पायरीवरून हलायचं नाही. हा लेख मी वसतिगृहाच्या पायरीवर बसूनच लिहितो आहे. बापाची मेंढरं पुढं गेली. पोराला आत जेवायला वाढलंय, पण हजेरीत त्याचं नाव अजून घातलेलं नाही. थंडी वाजतेय, गुडघे बोलतायत... उठतोय कोण!